न ओतलेलं औषध

खोटं बोलायची मला सवय नाही. बोलायची वेळच फारशी आली नाही म्हणा. पण एक खोटं बोलले आहे, आणि ते एका शब्दाचं आहे. ज्या दोन माणसांशी बोलले त्यांतलं एक आता या जगात नाही, आणि दुसरं रोज सकाळी मला चहा आणून देतं. दोघांनाही खरं कळलं नाही. मुलाला नाही. माझ्या बहिणीला नाही — तिला तर मी पोटातलं सगळं सांगते. देवापुढे बसते तेव्हाही हा विषय मी बाजूला ठेवते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

लगेच सांगता येईल का? नाही येणार. आधी गॅरेजचं सांगावं लागेल.

ह्यांचं गॅरेज विरारला मनवेलपाड्यात होतं. पत्र्याची शेड, मधे एक खड्डा, मागे आमची चाळीतली खोली. मी चिपळूणकडची, चौथी शिकलेली. मुलगा प्रकाश शाळेत जायला लागला तशी दुपारची मी शेडमध्ये जाऊन बसू लागले. गाडीचे सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, ब्रशनं घासायचे, ह्यांनी ज्या क्रमानं खोलले त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे. आणि तेल भरायचं. तेल हे माझं काम. इंजिनचं, गिअरचं, मागच्या गोळ्याचं.

गोळा म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जीप किंवा टेम्पोच्या मागे खाली वाकून पाहा. दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोल पोट दिसेल. शिकलेले लोक त्याला डिफ्रेन्शियल म्हणतात. आम्ही गोळा म्हणायचो. इंजिनचा जोर एका लांब दांड्यातून तिथे येतो आणि तिथून दोन्ही चाकांना वाटला जातो. त्या गोळ्याच्या पाठीला एक भोक असतं. त्याचा बोल्ट काढायचा, नळी घालायची, वर नरसाळं धरायचं आणि तेल सोडत राहायचं. भोकातून थेंब परत बाहेर आला की भरलं. पंचवीस-तीस वर्षं मी हे केलं. एकदाही कमी पडलं नाही, एकदाही वाया गेलं नाही.

पहिल्या वर्षी मी ह्यांना विचारलं होतं, आत काय असतं? म्हणाले, "तुला काय करायचंय? तू तेल भर." रागानं नाही म्हणाले. पाणी दे म्हणावं तसं म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. पण डोळे होते ना मला. कुठला दात कुठे बसतो, कुठला झिजला की कसला आवाज येतो, हे मी भाग धुता-धुता शिकले. आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेली ते मला ह्यांच्याआधी कळायचं. मी बोलत नव्हते एवढंच. कुणी विचारलं नाही तर कशाला बोलायचं?

मग नयना आली. माझी सून. चौऱ्याण्णव साली प्रकाशचं लग्न झालं. तिचे वडील नोकरदार, बोळिंजला बिल्डिंगमध्ये राहायचे. पोरगी बारावी सायन्स. प्रकाश मुंबईला ऑफिसात जायचा, त्याला हाताला ग्रीस लागलेलं कधी खपलं नाही. त्यामुळे ह्यांच्यानंतर गॅरेज बंद होणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नयना आधी जेवणाचा डबा द्यायला शेडमध्ये यायची. मग डबा दिल्यावरही थांबायला लागली.

एक दिवस एक गोळा उघडा पडला होता. मी बाजूला ब्रश घेऊन बसले होते. तिनं विचारलं, "बाबा, हे काय असतं?"

मी वाट पाहिली. आता म्हणतील, तुला काय करायचंय. मला तर मनातून जरा गंमतच वाटत होती — घे, तुलाही मिळू दे.

ह्यांनी हात पुसले. स्टूल ओढलं. बसले. आणि तिला सांगायला लागले.

अर्धा तास सांगत होते. एवढे शब्द ह्यांच्याकडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "गौरीला बायका फेर धरतात ते पाहिलंयस ना? ओळीनं हात धरून वळायचं. आतल्या टोकाची बाई जवळजवळ जागच्या जागी पाय हलवते, बाहेरच्या टोकाची धावते. दोघी एकाच वेगानं चालायच्या म्हटल्या तर हात सुटतील, नाहीतर एखादी पडेल. गाडी वळते तेव्हाही बाहेरच्या चाकाला वाट जास्त, आतल्याला कमी. म्हणून हा गोळा. जोर दोघींना सारखा, वेग जिचा तिला."

नयना म्हणाली, "अय्या, एवढं सोपं?"

मी ब्रश घासत राहिले. तो फेर मी धरायचे हो. माझ्या माहेरच्या अंगणात बाहेरच्या टोकाला मी असायचे, कारण माझ्याएवढं कुणी धावत नसे. ह्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या अंगणात, असं सासूबाई सांगायच्या. ह्यांनी स्वतः ते कधी काढलं नाही. माझी समजूत होती की विसरले असतील. विसरले नव्हते. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि काढलं ते तिला गोळा समजवायला.

भलतंसलतं मनात आणू नका. तसं काही नव्हतं. सासरा चांगला, सून चांगली. तसं काही असतं तर मला भांडता आलं असतं, चार लोकांत बोलता आलं असतं. इथे काय बोलणार? माझ्या नवऱ्यानं सुनेला गाडीची माहिती दिली? लोक हसले असते. पुस्तकात याला मत्सर म्हणतात. आमच्याकडे जळणं म्हणतात. मी जळत होते. चहाच्या वेळी जळत होते, भाकरी थापताना जळत होते. ती "बाबा" म्हणाली की माझा ब्रश जोरात चालायचा. ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती मला आधी ताट वाढायची.

त्यातच अर्नाळ्याची मथुराबाई आली. मासळीचा मोठा धंदा तिचा, स्वतःची जीप. बोटी लागल्या की जीप थेट वाळूत उतरवायची आणि मासळी भरायची. जोरात बोलायची, सगळी शेड भरून जायची. म्हणाली, "मिस्तरी, माज्या गाडीचा कायतरी बघ. एक चाक गरगर फिरतंय, वालू उडवतंय, नि दुसरा माज्या नवऱ्यावानी नुसता बसून बघतंय. पानी वर येतंय नि आमी बाया ढकलतोय."

सगळे हसले. ती गेल्यावर हे नयनाला म्हणाले, ही साध्या गोळ्याची खोडच आहे. ज्या चाकाला फिरायला सोपं, त्याच्याकडेच सगळं फिरणं जातं. वाळूत सुटलेलं चाक उधळतं आणि घट्ट जमिनीवरचं चाक तसंच उभं राहतं. ते गाडी ओढू शकतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

मी ऐकलं. माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हीच समजा.

ह्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका परदेशी जीपचा गोळा शोधून आणला. मापात थोडं बसवून घेतलं की मथुराबाईच्या जीपला लागणारा. त्याच्या पोटात वेगळीच करामत होती. पातळ लोखंडी चकत्यांचा गठ्ठा. एक चकती बाहेरच्या पेटीला अडकवलेली, दुसरी चाकाच्या दांड्याला, मग पुन्हा पेटीची, पुन्हा दांड्याची, अशा एकीवर एक. वरून स्प्रिंगचा दाब. सरळ रस्त्यावर सगळ्या एकदम फिरतात. वळणावर एकमेकींवर थोड्या सरकतात, कारण चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं. पण एक चाक वाळूत उधळलं की चकत्या एकमेकींना घासून धरतात. त्या चाकाला एकट्याला पळू देत नाहीत, आणि जोर दुसऱ्या चाकाकडे ओढून नेतात.

"मोकळीक आहे, पण बेताची," हे म्हणाले.

"म्हणजे एकत्र कुटुंब," नयना म्हणाली.

हे हसले. मोठ्यानं हसले. शेडमध्ये मी ह्यांना कधी हसताना ऐकलं नव्हतं.

आता बाटलीचं सांगते. त्या गोळ्याला नुसतं तेल चालत नव्हतं. हाताच्या पंजाएवढी एक काळी बाटली होती, पिवळ्या झाकणाची. ह्यांच्या ओळखीचा एक माणूस गोदीत कामाला होता, त्यानं कुठूनशी मिळवून दिलेली. एकच. हे त्याला औषध म्हणायचे. नयनाला सांगितलं, की नुसत्या तेलात या चकत्या नीट सरकत नाहीत. धरतात, एकदम सोडतात, पुन्हा धरतात. मग गाडी वळणावर कण्हते, थरथरते, आणि थोड्या दिवसांत चकत्या जळतात. हे औषध तेलाच्या आधी घातलं की त्या सावकाश सरकतात.

हे सगळं मी चार हातांवर बसून ऐकलं. मला माहीत नव्हतं, मी अडाणी बाई, असं म्हणायची सोय आहे का मला? नाही. मला माहीत होतं. ह्यांच्याइतकं माहीत होतं.

त्या गोळ्याचं काम ह्यांनी नयनाला एकटीला करायला दिलं. हे फक्त खुर्चीवर बसून पाहायचे. तिनं चकत्या धुतल्या — माझं धुणं तिला पसंत नव्हतं असं नाही, पण तिनं स्वतः धुतल्या. मग मांडल्या, बसवल्या. सगळ्यांत नाजूक काम मापाचं. चकत्यांच्या मागे एक पातळ कडी बसते. ती जाड झाली तर दाब फार होतो, पातळ झाली तर चकत्या ढिल्या पडतात. पातळ पाती फटीत घालून माप घ्यायचं. तिनं चार वेळा घेतलं. वहीत लिहिलं. ह्यांनी एकदा घेतलं आणि मान डोलावली.

मथुराबाई गाडी न्यायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी हे शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काम हिचं आहे. ही जीप टिकली तर पाटीवर माझ्या नावाखाली हिचं नाव लावणार." आणि नुसतं बोलले नाहीत. पेंटरला बोलावून पाटीच्या खालच्या भागाला पांढरा पट्टा मारून घेतला. नाव नंतर लिहायचं, जागा आधी.

पाटीवर माझं नाव यावं असं मला कधीही वाटलं नव्हतं. खरंच सांगते. माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघताना मला ते पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोळा बसवून झाला. राहिलं फक्त तेल. मी कॅन आणला, नळी लावली, नरसाळं पुसलं. खाली बसले. आणि नयना माझ्याजवळ आली, ती बाटली माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, "आई, आधी ही सगळी ओता, मग तेल. उलटं नका करू हं."

तेल कसं भरायचं ते मला. पंचवीस वर्षांनी.

मी वर पाहिलं. हे गाडीच्या पलीकडे उभे होते. मला वाटलं, म्हणतील, अगं, तिला काय सांगतेस, ती तेलाची उस्ताद आहे. एवढंच म्हणायचं होतं. मला दुसरं काही नको होतं.

हे म्हणाले, "ऐक तिचं."

दोन शब्द. मग दोघंही पुढच्या बाजूला गेली, बॉनेट उघडून काहीतरी बघायला लागली. मी एकटी गोळ्यापाशी. बाटली हातात. झाकणाला हातही लावला नाही. जेवणाचा डबा ज्या पिशवीत आणते त्या पिशवीत ती डब्याखाली घातली, वर फडकं टाकलं. आणि तेल भरायला घेतलं. नेहमीसारखं, भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत. औषध नव्हतं म्हणून तेल थोडं जास्त लागलं, बस. बोल्ट आवळला. हात पुसले. बाहेरून काय कळणार होतं कुणाला?

रागाच्या भरात झालं असंही म्हणता येत नाही. राग एका दुपारचा असतो. त्यानंतर तीन आठवडे होते माझ्याकडे. बाटली मी माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे ठेवली होती. रोज दिसत नव्हती, पण रोज आठवत होती. कुठल्याही दिवशी म्हणता आलं असतं, अहो, बाटली ओतायची राहिली, बोलवा जीप. विसरले म्हटलं असतं तरी चाललं असतं. लोक विसरतात. मी म्हटलं नाही. मी वाट पाहत होते.

तीन आठवड्यांनी मथुराबाई आली. शेडमध्ये शिरता-शिरताच बोलायला लागली. "मिस्तरी, वालूत गाडी वाघासारकी चालली, खोटा नाय बोलनार. पन बोळिंजच्या वळनावर अशी कन्हते, अशी थरथरते, मासळी टोपलीतून उड्या मारते. नि परवापासून वालूतपन पयल्यासारका झालंय. कोन बसलंय आत माजी सासू?"

कुणी हसलं नाही. ह्यांनी जीप घेतली, शेडसमोरच्या रस्त्यावर आवळून वळवली. आवाज आला. मी शेडच्या दारात उभी होते. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

हे उतरले ते सरळ माझ्याकडे आले. नयना बाजूलाच होती. विचारलं, "बाटली ओतली होतीस ना?"

"ओतली," मी म्हणाले.

हाच तो शब्द.

थांबायची जागा होती का तिथे? होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तेवढी होती. पण मग हे मथुराबाईकडे वळून म्हणाले, "तेलाचा प्रश्न नाही. ही तेलात कधी चुकत नाही. पंचवीस वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही हिच्या हातून. माझ्यापेक्षा हिच्यावर माझा जास्त विश्वास."

चार लोकांत म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून माझं कौतुक मी ऐकलं ते एवढंच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. आणि ते मला कधी मिळालं ते तुम्ही पाहिलंत.

मी खाली मान घातली. लोकांना वाटलं असेल लाजली.

गोळा उघडला. चकत्या काळ्या पडल्या होत्या, जळका वास येत होता. क्रम बरोबर होता, एकही उलटी नव्हती. मग उरलं काय? माप. कडी जाड बसली असणार, दाब फार झाला असणार. आता चकत्या झिजल्यावर ते तपासायचं तरी कसं? नयनानं वही आणली. चारही मापं दाखवली. हे वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहीत बरोबर आहे. हाताला चुकलं असेल." ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती रडून मोकळी झाली असती. तशा चकत्या पुन्हा मिळणार नव्हत्या. मथुराबाईचा जुना गोळा परत चढवला. ती जाताना ह्यांना म्हणाली, "सुनेला घरातच बरा रे मिस्तरी." नयना तिथेच उभी होती, हातात ती वही.

त्यानंतर हे तिला काही सांगेनासे झाले. म्हणजे बोलायचे — जेवण झालं का, प्रकाश आला का. पण स्टूल ओढून बसले नाहीत पुन्हा. तिनं एकदोनदा काही विचारलं तर म्हणाले, "राहू दे." ती डबा द्यायची आणि जायची. पुढे-पुढे डबा मीच नेऊ लागले.

आणि आता जे सांगायला बसले ते सांगते. मला बरं वाटलं. वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नव्हतं. शेडमध्ये पुन्हा गप्प झालं, हे आपलं काम करायचे, मी माझं, आणि मला बरं वाटलं. आता आम्ही दोघी सारख्या, असं वाटलं. ते बरं वाटणं वर्षभर टिकलं असेल.

एकदा नयनानं मला विचारलं होतं. आठेक दिवसांनी, मोरीपाशी भांडी घासताना, हळूच. "आई, ती बाटली सगळी ओतली होती ना? थोडी राहिली असेल का?" मी हातातली कढई आपटली. म्हटलं, "स्वतःचं चुकलं म्हणून माझ्यावर घालतेस? पंचवीस वर्षं तेल भरतेय मी. विचार तुझ्या बाबांना." तिचा चेहरा पडला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चुकले मी, आई. मनात आणू नका." खाली वाकून पाया पडली. मी पडू दिलं.

हे मी केलं. कढई आपटली, ते त्या बाटलीपेक्षाही वाईट केलं, असं मला आता वाटतं.

पाटीचा पांढरा पट्टा तसाच राहिला. पावसानं पिवळा पडला, मग त्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली. दोन हजार तीन साली हे गेले. गॅरेज बंद झालं. आम्ही बोळिंजला फ्लॅट घेतला. मनवेलपाड्याची खोली रिकामी करताना माळ्यावरून भांडी काढली तर बाटली होती तिथेच. वर बोटभर धूळ. झाकण आवळलेलं, बाटली भरलेली. हलवून पाहिली, आत घट्ट झालं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकली. नयना खालून ओरडली, "आई, माळ्यावर अजून काही आहे का?" म्हटलं, काही नाही.

नयना आता ब्लाऊज शिवते. आमच्या सोसायटीतल्याच काय, आगाशीपासून बायका येतात, इतकं तिचं शिवण अंगावर बसतं. पण वेळ फार लावते. माप एकदा घेते, दोनदा घेते, कापड टेबलावर अंथरल्यावर बाईला परत बोलावून तिसऱ्यांदा घेते. कुणी कंटाळलं तर हसून म्हणते, "काय करू ताई, माझा हात मापाला कच्चा आहे." अनोळखी बाईलाही आधीच सांगून टाकते. तिचा हात मापाला कच्चा नाही हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस आतल्या खोलीत कॉटवर बसून हे ऐकत असतो.

गेल्या वर्षी नातीनं तिला विचारलं, "मम्मी, तू गॅरेजमध्ये काम करायचीस? मग सोडलंस का?" नयना हातातलं कापड बाजूला न ठेवता म्हणाली, "एक माप चुकलं माझं. आजोबांचं मोठं गिऱ्हाईक गेलं." नात म्हणाली, "एका मापावरून?" नयना म्हणाली, "मोठं होतं गं ते." मी समोर मेथी निवडत बसले होते. बोलता आलं असतं की नाही? हे नव्हते, मथुराबाई नव्हती, गॅरेज नव्हतं. घाबरायचं तरी कुणाला? मी म्हटलं, मेथी झाली निवडून, घेऊन जा.

नात गेली. आणि गोळा काय असतो ते नयनानं तिला त्या संध्याकाळी सांगितलं. मी ऐकत होते. गौरीचा फेर, आतली बाई, बाहेरची बाई. सगळं ह्यांच्याच शब्दांत. तिनं एकही शब्द विसरलेला नाही. आणि शेवटी म्हणाली, "आजींना विचार, फेराचं त्यांना जास्त माहीत." नातीनं विचारलं नाही. अभ्यासाला गेली.

मला आता छातीत कफ होतो. डॉक्टरांनी औषध दिलंय, दिवसातून दोनदा. छोटी तपकिरी बाटली आहे, तिला एक प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर रेघा. मला रेघ नीट दिसत नाही. सकाळी चहा झाला की नयना खिडकीशी उभी राहते, झाकण उजेडाला धरते, औषध ओतते. रेघेपाशी थांबते. परत बघते. थोडं जास्त वाटलं तर बाटलीत परत सोडते, पुन्हा ओतते. मग झाकण माझ्यापुढे आणते.

"आई, बघा हो, बरोबर आहे ना? माझ्या हाताचा भरवसा नाही."

मला रेघ दिसत नाही. मी बरोबर आहे म्हणते, आणि पिते.